पाव आटा

"इट्स गॉन अ बिट वॉन्की," ती म्हणाली
आणि पुढचं चाक उचलून धरलं,
आजारी कोंबडीची मान धरावी तसं.
आयर्लंडची पोरगी. डेक्कन कॉलेजात जुनी हाडं मोजते.
येरवड्याहून क्वार्टर गेटपर्यंत
सायकल हातात धरून चालत आलेली.

बिट कळलं. गॉन कळलं.
वॉन्की हा सायकलचा कुठला पार्ट,
हे तेहतीस वर्षं दुकान चालवल्यावर
गिऱ्हाइकाला कसं विचारायचं?

चाक फिरवलं.
एका जागी ब्रेकच्या रबराला घासायचं,
सुटायचं,
परत तिथेच घासायचं.
"आउट आहे," मी म्हटलं.
"आउट ऑफ व्हॉट?"

आता हे मला काय ठाऊक!
आउट म्हणजे आउट.
शब्द तुमचाच आहे, बाई,
आम्ही फक्त ग्रीसच्या हातांनी
वापरून वापरून जुना केला.

संध्याकाळी तहसीनची शाळेतली डिक्शनरी काढली.
वंडर म्हणजे आश्चर्य,
त्याच्या खाली थेट वूड म्हणजे लाकूड.
मधे काहीच नाही.
तहसीन हसली. बी.कॉम.चं दुसरं वर्ष.
"अब्बा, वॉन्की म्हणजे किंचित वाकडं, डुगडुगतं,
पण अजून चालतंय असं.
तुटलं की मग नाही म्हणायचं वॉन्की.
आणि अर्जात लिहायचा नसतो हा शब्द.
बनियनवर बसून बोलायचा आहे."

मग मी बनियनवर बसून बोलत राहिलो.
हे स्टूल वॉन्की? हो.
शटर? हो.
माझा डावा गुडघा? चालेल.
शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा हिशोब?
"चालेल, पण त्याच्यासमोर नको."
तुझा मामू?
"अब्बा!"

आजा सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा.
पातं डोळ्यासमोर आडवं धरून
एक डोळा मिटायचा.
मी चाक तसंच बघतो.
जिथे घासतं तिथला स्पोक पाव आटा आवळायचा,
समोरचा तेवढाच सैल.
जास्त नाही.
जास्त आवळणारे रिम फोडतात.
पोरीने चाळीस रुपये दिले
आणि जाताना हँडलवर टिचकी मारून म्हणाली, "नो आउट!"
बरोबर होतं का कोण जाणे.
मला चाललं.

श्रावणात महापालिकेची नोटीस आली:
आपले दुकान नियोजित रस्तारेषेत येत असल्याने.
तहसीनने अर्ज लिहिला. सविनय, पुनर्विचार, आपला विश्वासू.
एकही शब्द बनियनवरचा नव्हता.

वॉर्ड ऑफिसात साहेबांनी नकाशा पसरला.
लाल रेष चौकातून नीट येते,
पिंपळ सोडते, नव्या बिल्डिंगला वळसा घालते
आणि माझ्या दाराशी आल्यावर
आत शिरते.
मी एक डोळा मिटला.
तोंडातून गेलंच:
"साहेब, रेष वॉन्की आहे."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं.
"म्हणजे?"

त्यांनाही येत नव्हता.
मग मी सांगितलं. हळू, तहसीनने मला सांगितलं तसं.
म्हणजे तुटलेली नाही, साहेब.
चालेल अजून.
एका जागी घासते फक्त.
पाव आटा फिरवला
तर येईल सरळ.

ते बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले,
की माझ्या नखांकडे, कळलं नाही.
"बघू," म्हणाले.
अर्ज ओढला, आवकचा शिक्का मारला.

शिक्का तिरका उमटला.
मी काही बोललो नाही.
अर्जात चालत नाही, म्हणाली होती तहसीन.