कोनमापक

थॅड, तुझंही पत्र आलं म्हणे तपासणीचं.
फ्रीजवर लाव, चुंबकाखाली.
माझं बियाण्यांच्या बिलांत हरवलं होतं,
तारीख चुकली, सहा महिने गेले.

ग्लासगोहून बिलिंग्ज पाच तास,
बर्फ असलं तर सात.
आत बावीस मिनिटं.
मी घड्याळ पाहत होते.

हॉस्पिटल शोधू नकोस. एक बसकं दुकान आहे,
डावीकडे गाद्या विकतात, उजवीकडे नखं रंगवतात.
गाडीतून उतरताना मुद्दाम लंगडू नकोस
आणि न लंगडण्याचा पराक्रमही नको.
खिडकीला पडदे आहेत,
पडद्यामागे कोण, ते मला माहीत नाही.

दारातच तो विचारेल, कशा आहात?
तुला विचारेल, कसे आहात?
आपल्या इथली खोड तुला ठाऊक आहे,
काटेरी तारेत हात फाटला तरी माणूस म्हणतो, ठीक.
माझ्या फायलीत ते ‘ठीक’ अजून आहे,
टाइप केलेलं, अवतरणचिन्हांत.

मग कोनमापक निघेल.
कंपासपेटीतला असतो तसाच,
फक्त याला दोन लांब पाय.
तो गुडघ्याला टेकवून म्हणेल, वाकवा,
दुखायला लागलं की सांगा.
तिथेच सांग, थॅड. तिथेच थांब.
मी थांबले नाही. आपल्याला थांबायला कुणी शिकवलं होतं?
दात आवळून एकशे दहापर्यंत नेला,
वर कुणी पदक टांगून ठेवल्यासारखा.
त्याने एकशे दहा लिहिलं.
आकड्यात दात दिसत नाहीत.

वाईट दिवस सांग, चांगला नको.
मला वाटलं होतं हे सोपं असेल.
मोजे माझी मुलगी चढवते, ती अकरा वर्षांची आहे:
एवढं एक वाक्य
तीन दिवस गोठ्यात म्हणून पाहिलं.
गाईंनी मनावर घेतलं नाही.
त्याच्यासमोर ‘मुलगी’पर्यंत आले
आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले,
जुलै, ट्राउट मासा, कुठल्या तरी विमा कंपनीचं नाव.

कानाची खोली वेगळी.
भिंतींना गालिचा, हातात बटण,
शिट्टी ऐकू आली की दाबा.
माझ्या डाव्या कानात मोसुलपासून
किटली उकळते आहे, कुणी उतरवत नाही.
मी विचारलं, कुठली शिट्टी?
काचेपलीकडची पोरगी हसली नाही.
तिने काहीतरी खोडून पुन्हा लिहिलं.
तूही विचार.

आणि एक. मध्येच डॉक्टर प्रुइटचं पेन पडलं.
माझ्या बुटाजवळ, घरंगळत.
माझा हात निघालाच होता,
आयुष्यभर दुसऱ्यांचं पडलेलं उचललंय.
मग वाटलं, हाच सापळा.
मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने पेनाकडे.
तो खुर्चीचा हात धरून थोडा झुकला,
कण्हला,
पुन्हा सरळ बसला.
खणातून दुसरं काढलं.
दोघांपैकी कुणीच वाकलं नाही.
ते त्याने लिहिलं की नाही,
आणि कुणाच्या नावावर, देव जाणे.

चार महिन्यांनी पाकीट.
गुडघा, दहा टक्के.
कान, दहा.
खांदा, शून्य टक्के:
म्हणजे दुखतो हे मान्य,
दुखण्याचा भाव नाही.
मी ते टेबलावर ठेवून
डाव्या हाताने बटाटे सोलले.

अपिलाचं बोलू नंतर.
आधी तुझी तारीख सांग, मी येते.
जाताना तू चालव, येताना मी,
परतीच्या वाटेवर तू बोलायच्या लायकीचा नसशील.
आत येणार नाही.
गाद्यांच्या दुकानात पडून राहीन,
बावीस मिनिटं,
एखादी विकत घेणार असल्यासारखी.