वर्णनात्मक नोंदी

एप्रिलचा शेवटचा आठवडा, सातपूर.
पंख्याचं बटण चारवर, वारा एकचा.
टेबलावर बेचाळीस प्रगतिपुस्तकं
आणि स्टाफरूमच्या फळ्यावर लभडे सरांचं वळणदार अक्षर:
नोंदीत नकारात्मक शब्द नकोत.

'नाही' नको. 'कच्चा' नको.
'ढ' फक्त ढगातला घ्यायचा.

एकवीस वर्षांत ही भाषा माझ्या अंगवळणी पडली,
जशी या पोरांच्या बापांना अंबडची रात्रपाळी.
अरमानने दोन बाक मोडले,
त्याच्यात भरपूर ऊर्जा आहे.
सुयोगची एकच आजी वर्षात तीनदा वारली,
कल्पनाशक्ती उत्तम.
वैदेही पहिल्या सुट्टीतच सगळ्यांचे डबे तपासते
आणि आवडेल ते ठेवून घेते.
नेतृत्वगुण दिसून येतात.
आणि तो शेवटच्या बाकावरचा,
बे चोक विचारलं की छताकडे बघणारा,
जणू उत्तर तिथे पालीने लिहून ठेवलंय,
तो स्वतःच्या गतीने शिकतो.

एक आई मागच्या वर्षी दारात थांबली होती.
"बाई, सुधारणेस वाव आहे, म्हणजे पास ना?"
पास हो, म्हटलं. वाव म्हणजे जागा.
"जागाच तर नाही बाई," ती म्हणाली,
"एका खोलीत सहा जण आम्ही."
मी हसले. तीही हसली.
पुस्तक पदरात गुंडाळून गेली.

आता कार्तिकी गांगुर्डे.
हिचं पुस्तक मी तीन दिवस
गठ्ठ्याच्या तळाशी सरकवतेय.

पहिलीच्या बाईंनी लिहिलं होतं: शांत स्वभावाची.
दुसरीच्या सरांनी: शिस्तप्रिय.
आणि तिसरीच्या पहिल्या सत्रात, निळ्या शाईत,
माझ्याच अक्षरात:
समंजस. वर्गात व्यत्यय आणत नाही.
(हे एक 'नाही' सगळ्यांना चाललं.)

तिच्या डाव्या हाताला ओजस तिदमे बसायचा.
ओजसबद्दल मी लिहिलं होतं,
इतरांच्या कामात रस घेतो.
म्हणजे काय ते शाळेतल्या शिपायालाही कळलं असतं.
जानेवारीत एकदा, मी भागाकार शिकवत असताना,
हा उभा राहिला. न विचारता. नेहमीसारखा.
"बाई, हिला इकडून हाक मारली की कळत नाय.
तिकडून मारली की लगेच वळते.
मी लई वेळा करून बघितलं."
वर्ग हसला. मी म्हटलं, खाली बस.

तो बसला.
भागाकार पुढे गेला, बाकी उरली.

मग डबा खायच्या सुट्टीत मी तिच्या मागे उभी राहिले,
डाव्या बाजूने म्हटलं, कार्तिकी.
ती पोळीचे तुकडे करत राहिली.
बारीक बारीक.
मी पुन्हा म्हटलं.
शेजारच्या तिघी वळल्या.

सिव्हिलच्या डॉक्टरांनी तपासून कागद दिला.
किती ऐकू येतं, किती नाही, आकड्यांत.
त्यांच्या नोंदीत एकही विशेषण नव्हतं.

तिचे वडील कागद हातात धरून म्हणाले,
"पण बाई, दरवर्षी चांगलंच लिहून यायचं की हो."

म्हणून आज, इतक्या वर्षांत पहिल्यांदा,
रकान्याच्या रेघेबाहेर जात लिहिलंय:
डाव्या कानाने ऐकू येत नाही.
वर्गाच्या डाव्या भिंतीशी बसवावे,
म्हणजे उजवा कान आपल्याकडे राहील.
तीन इयत्ता आमच्या लक्षात आले नाही.

लभडे सरांनी चष्मा वर सरकवला.
"दोन 'नाही' आलेत, बाई."
आहेत सर, म्हटलं. राहू द्या.
ते काही बोलले नाहीत.
त्यांनी शिक्का मारला, जरा तिरका.

ओजसचं पुस्तक शेवटी घेतलं.
गुणाकारात अजून गोंधळ, अक्षर कोंबडीचे पाय,
बडबड तर विचारूच नका.
काय लिहावं, पेन बराच वेळ अधांतरी.
मग पहिल्या सत्रातलंच वाक्य
जसंच्या तसं उतरवलं:

इतरांच्या कामात रस घेतो.