तीन वर्षं पाणी

पहिलं झाड मी टीव्हीशेजारी ठेवून मारलं.
जुनिपर. रविवारच्या बाजारातून आणलेलं,
दोन हजार येनला, निळ्या कुंडीसकट.
रोज सकाळी सातला, बातम्या लागल्या की
चहाच्या पेल्यानं मोजून पाणी.
एकतीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनात तेल घातलं मी
ठरल्या वेळी, ठरल्या मापानं,
एकदाही भर समुद्रात बंद पडलं नाही.
म्हटलं, झाडाचं ते काय एवढं.

जुलैत कुंडी मांडीवर घेऊन बसनं किनाशीला गेलो,
ओरिएसानच्या नर्सरीत.
हिरवं आहे, म्हटलं, पण गप्प आहे.
तिनं अंगठ्याच्या नखानं साल जराशी खरवडली.
आत तपकिरी, कोरडं.
"हे मेमध्येच गेलंय.
जुनिपर मेलं तरी चेहऱ्यावर दाखवत नाही."

म्हणजे दोन महिने
मी मेलेल्याला पाणी पाजत होतो,
समोर बातम्या चालू असताना.

तिनं मला दुसरं झाड विकलं नाही.
लांब मानेची तांब्याची झारी हातात दिली,
मागची रांग दाखवली. आठशे रोपं, काळे पाइन,
बोटभर उंचीची, एकालाही आकार नाही.
"पाणी घालायला शिकायला तीन वर्षं लागतात," म्हणाली.
मी अडुसष्टचा. या वयात तीन वर्षं
कुणी अशी सुट्टी काढून देत नाही.
तरी मंगळवार-शुक्रवार जायला लागलो.

शिकलो ते असं:
कुंडी आधी उचलायची. हलकी असेल तर बोलायचं.
मातीत काडी खुपसून ठेवायची, काढून गालाला लावायची.
घालायचं तर तळातून वाहेपर्यंत, नाहीतर हात मागे.
मेपल ऑगस्टात दोनदा पितो
आणि पाइनला तहान लागू द्यावी लागते,
हे मला पहिल्या वर्षी पटलंच नाही.
चौदा रोपं लाडानं कुजवली.
ओरिएसाननं ती मोजली, वहीत लिहिली,
पैसे मागितले नाहीत. वही मात्र उघडीच ठेवली.

दुसऱ्या हिवाळ्यात तार.
माझ्या हाताला नट माहीत. पिळायचा,
पुढे जाईना झाला की थांबायचं.
फांदी तशी थांबवत नाही. ती आधी बारीक कुरकुरते,
आणि ऐकू आलं नाही तर मग कच्.
वळण लावायचं म्हणतो आपण, सहज.
लावलेली तार वेळेत काढायची असते
हे कोण म्हणतं?
झाड जाड होत जातं, तार तेवढीच राहते,
सालीत रुतते, आणि काढल्यावरही
गोल गोल उतरत गेलेला व्रण दिसत राहतो.

यासुताकाला मी पंधराव्या वर्षी
जहाजाच्या शाळेत घातला होता.
तिसऱ्या महिन्यात पळाला. आता हामामात्सुला
पियानो जुळवतो.
फोनवर मी त्याला तारेचं सांगितलं, झाडाच्या.
तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला,
"आमच्याकडेही तुटायच्या आधी आवाज बदलतो.
तुम्हाला ऐकू येतो का आता?
इंजिनानं कान गेले होते ना तुमचे?"
डावा गेलाय, म्हटलं. उजव्यानं करतो.

या सप्टेंबरात वादळाचा इशारा आला
तेव्हा तो न सांगता आला, रेल्वे बंद व्हायच्या आत.
आम्ही दोघांनी ओरिएसानच्या फळ्यांवरच्या कुंड्या
जमिनीवर उतरवल्या, भिंतीच्या आडोशाला, दाटीनं.
माझं म्हणता येईल असं त्यात एकच.
चार वर्षांचं पाइन, खोडाला एकच वाक, तोही चुकून आलेला.
त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं,
पियानोचं झाकण धरावं तसं.

"पाणी घालू का याला?"

आभाळ काळं. वारा समुद्राकडून, खारट.
मी कुंडी त्याच्या हातातून घेतली, तोलली,
परत त्याच्या हातात दिली.
तूच बघ, म्हटलं.
त्यानं ती वर-खाली केली, डोळे मिटून,
आणि चूक सांगितलं.