नसलेलं नाक

सकाळी दहाच्या सुमाराला डेट्रॉइटचा गट आला.
अस्वानचं ऊन बाहेर पायऱ्यांवर सोडून
बावीस माणसं आत शिरली, गळ्यात विणलेले रंगीत पट्टे,
आणि थेट त्या डोक्यापाशी थांबली
जिथे माझी खुर्ची असते.

दगडी डोकं. राजाचं. नाक नाही.

नाक कुणी फोडलं यावर पाऊण तास गेला.
क्वासी म्हणाला (पासपोर्टवर तो अजून लॉनी आहे,
ते नाव त्याने तिसाव्या वर्षी
गळ्यातल्या दाव्यासारखं काढून टाकलं):
रुंद होतं म्हणून फोडलं, आमची ओळख पटू नये म्हणून.
कैरोचा गाईड हुसाम म्हणाला, पडताना आधी नाकच फुटतं, साहेब.
केमेट म्हणजे काळी माणसं, क्वासी म्हणाला.
केमेट म्हणजे काळी माती, हुसाम म्हणाला,
इतकं हळू
की नाक मुरडल्याचा आवाज त्याहून मोठा.

मग सगळे माझ्याकडे वळले.
कुणीतरी माझा हात उचलला, दगडाशेजारी धरला,
"बघा! हाच तो. हे अजून जिवंत आहेत."
फोटो निघाले. मी पोट आत घेतलं.
हुसाम छताकडे बघत होता.
परवा चहाच्या टपरीवर त्याने मला ज्या शब्दाने हाक मारली
तो इथे लिहीत नाही.

मी शाझली, तोश्काचा.
तोश्का आता नकाशात निळ्या रंगाखाली आहे.
धरणाचं पाणी चढलं तेव्हा मी आईच्या पोटात होतो.
देवळं उचलली दूरदूरच्या देशांनी,
दगडादगडावर आकडा घालून; एकही चुकला नाही.
आमच्या घरांवर कुणी आकडे घातले नाहीत.
काळी गेली, पांढरीही गेली,
खजुरीची झाडं उभीच्या उभी बुडाली.
बोटीत चढण्याआधी आईने अंगण झाडलं.
बुडणाऱ्या घराचं अंगण!
शेजारीण हसली,
मग तिनेही खराटा घेतला.

गट पुढे सरकला, एक बाई मागे राहिली.
वर्लीन. गुडघ्याला पट्टा. चाळीस वर्षं शाळेत भूगोल.
"पुस्तकात," ती म्हणाली, "इजिप्त पान एकतीसवर,
आफ्रिका पान बावन्नवर. मधे वीस पानं युरोप.
मी दोन्ही पानं कापून खळीने जोडायचे.
दोनदा मेमो मिळाला."

तुम्हाला हा राजा कशाला हवा, मी विचारलं.
(इंग्रजी माझं तिकिटापुरतं, पण एवढं विचारता येतं.)
ती पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली, सापडलं नाही.
"माझ्या खापरपणजोबांची एकच नोंद आहे.
मुलगा, वय नऊ, चारशे डॉलर. नाव नाही.
त्याच्या मागे कोरं पान.
कोऱ्या पानावर माणूस राजाच काढणार ना?
कारकून कोण काढतो?"

माझ्या गावाचं नाव तिने तीनदा म्हटलं. तीनदा चुकलं.
पाण्याला काय म्हणता?
अमन.
ते पहिल्याच खेपेला जमलं.

पाचला दिवे मालवतात. मी काच पुसतो.
रोज नाकांचे ठसे असतात, लोक फार जवळून बघतात.
आज फडकं फिरवण्याआधी नेमका समोर उभा राहिलो
आणि काचेतलं माझं नाक
त्या फुटक्या जागेवर आणलं.
थोडं डावीकडे. मान किंचित खाली.

बसलं की नाही, सांगणार नाही.
उद्या दोन्ही बाजू विचारतील.