पान एकोणचाळीस

अप्पा बळवंत चौकात झेरॉक्स मारून,
स्पायरल लावून आणलं ढमढेरेनं.
एकशे चौऱ्याऐंशी पानं, पाठपोट,
मधलं एक उलटं लागलेलं.
"वाचून ये. शनिवारी, वारज्याला, माझ्याकडे.
भुताचा खेळ आहे. पण भूत अगदी शेवटी."

मी विम्याच्या दाव्यांची चौकशी करतो.
जळालेली गोदामं, नाल्यात सापडलेल्या गाड्या.
माणूस खोटं बोलण्याआधी पाणी मागतो,
हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवायची गरज नव्हती.
तरी वाचलं. कात्रज ते स्वारगेट, उभ्यानं,
पेन्सिल कानावर.

पहिला नियम आवडला:
दुवा हुकत नाही.
बरोबर खोलीत गेलात, बरोबर कपाट उघडलंत
की पत्र सापडणारच. त्याला फासा नाही.
फासा नंतर,
पत्र वाचून तुमचं काय झालं, त्याला.

बावीस वर्षांच्या नोकरीत
इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

मारामारीला अकरा पानं, पळून जायला अर्धं.
समासात लिहिलं, उलट हवं होतं.
कोष्टकं फार. कंदिलाच्या तेलालासुद्धा कोष्टक.
मनाचा तोल: बारा गुण.
प्रेत दिसलं, दोन वजा.
ओळखीचं निघालं, चार.
आपला संशय खरा होता हे कळलं,
सहा.

आणि मग पान एकोणचाळीस.
आधार: तीन जिवंत माणसांची नावं लिहा.
प्रकरण संपलं की त्यांच्याकडे जा, तोल भरून घ्या.
खाली बारीक अक्षरात:
ही नावं वापरण्याची सूत्रधाराला मुभा आहे.

वापरण्याची.

शनिवारी शर्वाणीनं तिन्ही खटाखट लिहिली.
फिरोज इनामदारनं आई, बायको
आणि ऑफिसखालचा चहावाला.
"अरे, खोटी चालतात," ढमढेरे म्हणाला,
"तुझ्या पात्राची आहेत, तुझी नाहीत."
मी फिकट पेन्सिलीनं लिहिलं, विद्याधर.
खोडलं.
पुन्हा लिहिलं.
पुढच्या दोन रेघा कोऱ्याच ठेवल्या.
खाली हायवेवर ट्रक गिअर बदलत होते.
कपाट उघडलं, पत्र सापडलं,
मी दोन गुण घालवले,
आणि भाकरवडी संपल्यावर खेळ थांबला.

फ्लॅटच्या वाटणीला तीन दिवाळ्या झाल्या.
धायरीला तो राहतो, मी बालाजीनगरला,
मध्ये एवढं काही अंतर नाही.
पाऊण वाजता फोन लावला.
"कोण गेलं?" त्यानं विचारलं.
आमच्याकडे त्या वेळेला तेच विचारतात.
"कोणी नाही. एका खेळात तुझं नाव लिहिलंय.
चालेल ना, म्हणून."
बराच वेळ पंख्याचाच आवाज.
"तू कसा आहेस?" मी म्हणालो. "बरा आहेस ना?"

"थांब हं," तो म्हणाला,
"जरा पाणी पितो."

पलीकडे माठावरचं झाकण सरकलं.