कप्पा सात

पाषाणच्या बसथांब्यामागे आमची प्रयोगशाळा.
दगड कापायचं यंत्र तळमजल्यावर,
त्याच्यापाशी तेहतीस वर्षं अन्वर तांबोळी,
करवतीच्या पांढऱ्या चिखलात मनगटापर्यंत.
कोयनेकडच्या एका खोल भोकातून आलेला गाभा
त्यांनी कापला, चिकटवला, घासला
इतका, की चकतीतल्या गारगोटीतून
त्यांच्या घड्याळाचे काटे दिसायला लागले.
"घ्या मॅडम," म्हणाले, "पाणी शोधा."

सापडलं.
कप्पा सात. केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा.
आत पाणी, पाण्यात एक बुडबुडा,
आणि तो काही केल्या थांबत नाही:
भिंतीला टेकतो, सुटतो, परत टेकतो,
दीडशे कोटी वर्षं
रजा मंजूर न झालेल्या कारकुनासारखा.

ते किती खारं, हे चाखून नाही, गोठवून कळतं.
नायट्रोजनचा धूर सोडला, कप्पा काळवंडला,
मग हळूहळू ऊब.
शेवटचा बर्फाचा कण शून्याला विरघळला असता
तर म्हटलं असतं, गोडं पाणी.
तो विरघळला उणे नऊला.
म्हणजे समुद्राच्या पावणेचार पट मीठ,
आणि समुद्र इथून किती लांब,
घाट उतरून जावं लागतं.

जेवणाच्या सुट्टीत तांबोळींनी डबा उघडला.
भेंडी अळणी, वरण अळणी.
रास्ता पेठेतल्या डॉक्टरांनी मीठ बंद केलंय
श्रावणापासून.
"एवढं खाली," त्यांनी विचारलं,
"मीठ करतं तरी काय?"

मी ताटलीत शेंगदाणे मांडले. हे दगडाचे कण.
नुसतं पाणी असलं, तर ते कणांच्या बेचक्यात
अंग चोरून बसतं,
शेजारच्या बेचक्यात कोण आहे, पत्ता नसतो.
त्यात मीठ विरघळलं
की ते दगडाला बिलगतं, पसरतं,
कडेकडेने बारीक दोरा होऊन निघतं,
आणि एक थेंब दुसऱ्याला गाठतो.
वाहतं म्हणू नका, वाहणं फार मोठा शब्द.
झिरपतं म्हणा. हजार वर्षांत वीतभर म्हणा.
पण जोडलेलं असतं.
वर माळावर सळया ठोकून आपण वीज ऐकतो ना,
कोरड्या दगडात ती अडखळते,
या दोऱ्यांवरून मात्र सुसाट जाते.
कोसभर खोल कुणी आहे, ते असं कळतं.

तांबोळी शेंगदाण्यांकडे बघत राहिले.
"म्हणजे मीठ सुटलं
की कोपऱ्यात जाऊन बसायचं," म्हणाले,
आणि त्यातले दोन उचलून खाल्ले.
ते खारे होते. मी काही बोलले नाही.

दुपारी कप्पा सात तापवायला घेतला.
एकशे ऐंशी. दोनशे.
बुडबुडा आक्रसला, मोहरीएवढा, मग टाचणीचं टोक,
दोनशे चौदाला नाहीसा.
इतकंच हवं होतं. तिथे थांबायचं.
फाटकाशी कुणीतरी हॉर्न धरून ठेवला होता,
मी खिडकीकडे पाहिलं,
परत पाहिलं तर दोनशे एकसष्ट,
आणि कप्प्यापासून निघालेली एक चीर,
आत काळोख.
आवाजही झाला नाही.

तांबोळींना बोलावलं. का, ते ठाऊक नाही.
माल त्यांचा होता म्हणून असेल.
त्यांनी चिमट्याने चकती उचलली, गार होऊ दिली,
आणि मी थांबवायच्या आत
जिभेवर टेकवली.
डोळे मिटून बराच वेळ उभे.

"लागलं काही?"
"नाही," म्हणाले. "पण माझ्या जिभेवर आता जाऊ नका."

रजिस्टरात लिहिलं: कप्पा सात, फुटला. दोष माझा.
खाली करवत धुतल्याचा आवाज येत होता,
पांढरं पाणी गटारातून
रामनदीकडे निघालेलं.
कप्पा आठमध्ये बुडबुडा हलत होता.