भुसा

लकडगंजातल्या आरामशीनवर
मी किलोभर भुसा मागितला, बिजाचाच.
मुनीम चष्म्यावरून बघत राहिला :
'भुसा काहून पाहिजे तुले? पोतंच ने, फुकट.'
मग ओळख पटली. 'नत्थूची पोरगी ना तू?'
आणि स्वतः चाळून दिला,
सागाचा कणही जाऊ नये म्हणून.

घरी कुणाला सांगितलं नाही.

मे महिना. पारा सेहेचाळीसवर.
कूलर कोरडा, विकर मात्र बर्फात.
डुकराच्या स्वादुपिंडातलं ते चिमूटभर
माझ्याहून गारव्यात राहतं.
भुसा चार दिवस मेथॅनॉलमध्ये निजला,
गाळला तर कोऱ्या चहासारखा लाल.

पहिल्या चाचणीत रंग जावा लागतो.
जांभळं द्रावण, त्यात अर्क,
अर्धा तास अंधारात.
कपाट उघडलं तर पिवळं.
गंज चढायच्या आत कुणी
तेलाच्या फडक्यानं पातं पुसावं, तसं.
बाबा पुसायचे रोज, भोंगा झाल्यावर.

दुसरीत रंग राहावा लागतो.
पिष्ट, विकर, शेवटी आयोडीन.
विकरानं पिष्ट खाल्लं तर निळं उरत नाही.
माझ्या नळ्यांत निळं उरलं.
तिसरीत जरा फिकं. माझाच हात हलला होता,
वहीत तसं लिहून ठेवलं.

विकर आणि विकार :
एका कान्याचं अंतर.
त्या कान्यात बाबांच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली,
मग पाऊल, मग आरामशीन,
मग बाबा.
एकतीस वर्षं हाच भुसा
त्यांच्या पापण्यांवर, डब्यातल्या पोळीवर.
आई दारात सदरा झटकायची
आणि शिंकायची.
औषध झटकत होती ती, रोज, मातीत.

असं लिहावंसं वाटतं. लिहीत नाही.
भोयर मॅडमचं लाल पेन तयारच असतं :
'नळीत झालं म्हणजे रक्तात झालं असं नाही.'
खरं आहे. नळीला भूक लागत नाही,
नळी पंगतीत आईची नजर चुकवून
बुंदीचा दुसरा द्रोण मागत नाही.

निष्कर्षात एवढंच ठेवलं :
अर्कानं विकर रोखलं,
बाजारातल्या गोळीपेक्षा कमी.

'नमुन्याचा स्रोत' या रकान्यात
आधी लिहिलं, लकडगंज, नागपूर.
मग त्याखाली बाबांचं पूर्ण नाव,
पेन्सिलीनं,
खोडता येईल असं.